साष्टीचा पाऊस आणि सागाची वलये

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४७ पासून रोजच्या पावसाची नोंद आहे. मुंबईच्या पावसाबद्दल आपण जे काही ठामपणे बोलतो, सरासरी अमुक आणि दीडशे वर्षांत तमुक, ते बहुतेक या एका नोंदवहीच्या जोरावर. उपनगरांची वही त्या मानाने फारच नवी. सांताक्रूझची नोंद कुलाब्यापेक्षा शंभरेक वर्षांनी उशिरा सुरू झाली. बरे, कुलाब्याचे आकडे उचलून बोरिवली-मुलुंडला लावावेत, तर तेही जमत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला पंचाहत्तर मिलिमीटरसुद्धा झाला नाही.

म्हणजे आज जिथे अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर आहेत, त्या साष्टी बेटावर दोनशे-तीनशे वर्षांपूर्वी पाऊस कसा पडत होता, हे विचारायला माणसाने लिहिलेली वही नाही. जुन्या कागदपत्रांत दुष्काळ सापडतो, बुडालेले पीक सापडते, माफ केलेला सारा सापडतो. पण पाऊस किती पडला, हे सापडत नाही. ते शोधायचे तर झाडांकडे जावे लागते, आणि झाडांच्याही आधीच्या काळासाठी चिखलात, राखेत, तळ्याच्या गाळात उरलेल्या त्यांच्या अवशेषांकडे.

झाडाच्या खोडात वर्षाला एक वलय तयार होते, हे आपण शाळेत शिकतो. ते खरे आहे, पण सगळ्या झाडांच्या बाबतीत नाही, आणि आपल्याकडे तर फारच थोड्या झाडांच्या बाबतीत. थंड देशांत हिवाळ्यात झाडाची वाढ थांबते, म्हणून तिथल्या पाइनच्या खोडावर रेघा स्वच्छ उमटतात. आपल्याकडे वाढ थांबवणारी थंडी नाही. जे काही थांबते ते पाण्याअभावी. आंबा, जांभूळ, वड ही झाडे वर्षभर पाने राखतात, जमेल तेव्हा वाढतात, आणि त्यांच्या खोडात वर्षाची हद्द दाखवणारी भरवशाची रेघ सापडत नाही. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाचा आणि गुलमोहराचा तर विचारच करू नये. त्यांच्या मुळांवर काँक्रीट आहे, शेजारून फुटकी जलवाहिनी जाते आहे, सोसायटीचा माळी उन्हाळ्यात पाइप लावून जातो. अशा झाडाला आकाशातल्या पावसाची कमतरता कळणार कशी?

साग मात्र कामाचा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, येऊरच्या डोंगरात, तुंगारेश्वरला साग पाहिलेल्या कुणालाही त्याचे वर्ष माहीत असते. जानेवारी-फेब्रुवारीपासून पाने गळायला लागतात, एप्रिलमध्ये झाड उघडेबोडके उभे असते, मेअखेरीला कोंब फुटतात आणि जूनच्या पावसात ताटाएवढी पाने पसरतात. खोडाच्या आत नेमके हेच वेळापत्रक चाललेले असते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर, जिवंत थर असतो. नवे लाकूड हाच थर आतल्या बाजूला तयार करतो. पाने नसताना तो झोपलेला असतो. पाऊस आला की घाईघाईने मोठ्या नळ्या तयार करतो, कारण नव्या पानांना भरपूर पाणी पोचवायचे असते. पुढे हंगाम सरत जातो तशा नळ्या लहान आणि विरळ होतात, लाकूड घट्ट आणि गडद होते, आणि पावसाळ्यानंतर जमीन सुकत गेली की काम बंद.

सागाचा नीट तासलेला आडवा काप घेऊन दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरला, की हे सगळे दिसते. फिकट रंगाची एक बारीक पट्टी, तिच्यात ओळीने बसलेली मोठी छिद्रे, मग बाहेरच्या बाजूला जाताना बारीक होत गेलेली छिद्रे, मग गडद, दाट लाकूड, आणि एकदम पुन्हा फिकट पट्टी. गडद भाग संपून फिकट पट्टी सुरू होते तिथे धार असते. ती धार म्हणजे एका पावसाळ्याची अखेर आणि पुढच्याची सुरुवात. आपल्याकडे वाढीचा हंगाम जून ते ऑक्टोबर असा एकाच इंग्रजी वर्षात बसतो, त्यामुळे वलयाला सन देताना ओढाताण होत नाही.

या सागावर पहिले काम झाले तेही आपल्या शेजारीच. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतले जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी ठाणे भागातल्या सागाची वलये आणि तिथले हवामान यांचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध केला. साष्टी हा १९२० पर्यंत ठाणे जिल्ह्याचाच तालुका होता, आणि येऊरपासून कान्हेरीपर्यंतचे जंगल आजही सलग आहे. त्यामुळे ठाण्याच्या सागाची साक्ष उपनगरांना परकी नाही.

तरी शंका राहतेच. उष्ण प्रदेशातले झाड वर्षाला एकच वलय बनवते कशावरून? या शंकेचे उत्तर अणुबाँबने दिले. १९५०-६० च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुस्फोट केले आणि हवेत किरणोत्सारी कार्बन भराभर वाढला. १९६३ च्या करारानंतर उघड्यावरच्या बहुतेक चाचण्या थांबल्या, आणि १९६४ च्या सुमाराला टोक गाठून हे प्रमाण उतरू लागले. झाड त्या वर्षीच्या हवेतला कार्बन त्या वर्षीच्या वलयात बसवते. तेव्हा एकेक वलय सोडवून त्यातला हा कार्बन मोजायचा. वलये खरोखर वार्षिक असतील तर मोजणीने ज्याला १९६४ चा सन दिला त्याच्या आसपास शिखर यायलाच हवे. दोन-तीन खोटी वलये मध्ये घुसली असतील तर शिखर सरकेल. ठाण्याच्या सागाच्या वलयांत हा कार्बन मोजला गेला आहे आणि ते शिखर त्यांत स्पष्ट दिसते. जगभरात या कार्बनचा जो हिशेब मांडला जातो, त्यात उष्ण कटिबंधाच्या बाजूने ठाण्याच्या सागाचे आकडे वापरले जातात. आपल्या शेजारच्या जंगलातल्या झाडाचे हे स्थान मुंबईकरांना ठाऊक असायला हवे असे मला मनापासून वाटते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिट खोडात हाताने फिरवत नेतात आणि आतून पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची काडी बाहेर काढतात. ती काडी सालीपासून गाभ्यापर्यंत आडवी गेलेली असते, म्हणजे झाडाचे सगळे वय तिच्यात येते. छातीच्या उंचीवर, एका झाडाच्या दोन बाजूंनी दोन काड्या घेतात, कारण उतारावरचे खोड एका बाजूला जास्त जाड वाढते. राष्ट्रीय उद्यानात हे वन खात्याच्या परवानगीशिवाय करता येत नाही, आणि तसेच असावे.

झाड कुठले निवडायचे, यावर अर्धे यश अवलंबून. दहिसर नदीच्या काठचा भरदार साग दिसायला देखणा, पण त्याची मुळे कायम ओलीत, त्याला दुष्काळाची झळ लागतच नाही. त्याची वलये वर्षानुवर्षे सारखीच. उलट डोंगराच्या चढावर, कातळावर वीतभर मातीत उभा असलेला रोडका साग पावसाच्या प्रत्येक लहरीने जाड-बारीक होत राहतो. त्याची वलये वाचायला त्रास होतो, पण त्यांत मजकूर असतो. शिवाय ते झाड तोडलेल्या खोडाच्या फुटव्यातून वाढलेले नको, वणव्यात होरपळलेले नको. ठाण्या-रायगडकडे भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, ऐन-किंजळाच्या फांद्या छाटायची रीत आहे. फांद्या छाटलेले झाड पुढची काही वर्षे बारीक वलये देते, आणि ती अगदी दुष्काळासारखी दिसतात.

काडी खाच पाडलेल्या पट्टीत चिकटवतात, वाळवतात, मग भरड पॉलिशपेपरपासून सुरुवात करून बारीक बारीक करत घासतात, शेवटी पृष्ठभाग आरशासारखा होईपर्यंत. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेका वलयाची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजायची. हे कंटाळवाणे काम आहे आणि ते घाईने करता येत नाही.

मोजून झाले म्हणजे सन ठरले असे मात्र नाही. साग दोन प्रकारे फसवतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे ओढ दिली, तर झाडाला वाटते हंगाम संपला. ते गडद लाकूड घालू लागते, आणि पाऊस परतला की पुन्हा मोठ्या नळ्या. झाले एक जादा वलय. भिंगाखाली त्याची ओळख पटते ती धारेवरून. खऱ्या हद्दीला एका बाजूने धार असते, खोट्या वलयात बदल दोन्ही बाजूंनी हळूहळू होतो, आणि बरेचदा ते खोडाला पुरता वेढाही घालत नाही. दुसरी फसवणूक उलटी. फार वाईट वर्षी खोडाच्या काही भागात झाड लाकूड घालतच नाही, आणि त्या बाजूच्या काडीत ते साल गायब.

यावर उपाय म्हणजे एका झाडावर कधीच विश्वास न ठेवणे. गावातली म्हातारी माणसे आपले वय सनाने सांगत नाहीत, बाहत्तरच्या दुष्काळात लग्न झाले होते, पुराच्या साली मुलगी झाली असे सांगतात, आणि चारजणांचे बोलणे जुळवले की सन पक्के होते. वलयांचेही तसेच जुळवावे लागते. एका झाडात आतून बाहेर पाहताना दोन बारीक, एक जाड, मग चार मध्यम, मग एक फारच बारीक असा क्रम दिसतो. शेजारच्या डोंगरावरच्या दहा-वीस झाडांत तोच क्रम शोधायचा. एकोणीस झाडांत तो त्याच जागी आला आणि विसाव्यात एक घर पुढे सरकला, तर विसाव्यात खोटे वलय आहे. परत भिंगाखाली जाऊन ते हुडकायचे. याला कालजुळणी म्हणता येईल. या शास्त्राचा सगळा भरवसा या एका पायरीवर उभा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅरिझोनात ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने ही पद्धत उभी केली. तो सूर्यावरच्या डागांचे चक्र झाडांत शोधत होता, आणि त्या शोधात हे शास्त्र जन्मले. आज ही जुळणी संगणकावर तपासतात, पण संगणक फक्त कुठे बिनसले आहे ते दाखवतो. निर्णय भिंगाखालीच होतो.

पुढची अडचण वयाची. कोवळे झाड जाड वलये घालते, म्हातारे बारीक. साध्या डोळ्यांनी पाहिले तर प्रत्येक सागात पूर्वी पाऊस जास्त आणि आता कमी, असाच निष्कर्ष निघेल! म्हणून प्रत्येक झाडाच्या वाढत्या वयाची उतरती रेषा गणिताने काढून टाकतात आणि त्या वयाला अपेक्षित जाडीपेक्षा प्रत्यक्ष वलय किती कमी-जास्त, एवढेच ठेवतात. या आकड्यांची सगळ्या झाडांतली सरासरी घेतली की त्या जागेची एक मालिका तयार होते. या सफाईला एक किंमत मोजावी लागते. वयाची रेषा काढताना पावसातले फार संथ बदलही, शंभर-दीडशे वर्षे चालणारे, काही प्रमाणात पुसले जातात. एकाच झाडाच्या आयुष्याहून मोठा बदल त्या झाडाकडून नीट कळत नाही.

मग येते पर्जन्यमापकाशी गाठ. समजा वलयांची मालिका दीडशे वर्षांची आहे आणि त्यातल्या शंभर वर्षांचा मोजलेला पाऊस उपलब्ध आहे. त्या शंभरातली पन्नास वर्षे घेऊन वलयाची जाडी आणि पाऊस यांचे नाते बसवायचे. उरलेली पन्नास वर्षे झाकून ठेवायची. बसवलेल्या नात्यावरून त्या पन्नास वर्षांचा पाऊस सांगायचा आणि मग झाकण काढून ताडून पाहायचा. जुळला, तर मोजणीच्या आधीच्या पन्नास वर्षांबद्दल बोलायचा अधिकार मिळाला. नाही जुळला, तर गप्प बसायचे. जुळला तरी सागाचे वलय पावसातल्या चढउताराचा काही भागच सांगते, पुष्कळदा निम्म्याहून कमी. म्हणून प्रामाणिक अहवालात प्रत्येक वर्षाच्या आकड्यासोबत त्यातल्या संभाव्य चुकीची मर्यादा छापलेली असते.

इथे कोकणचा खास प्रश्न उभा राहतो, आणि माझ्या मते उपनगरांसाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. वलय पावसाने ठरते ते पाऊस अपुरा असतो तिथे. सांताक्रूझला पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी २३०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जुलै उजाडेपर्यंत डोंगरातली माती गच्च भिजलेली असते. त्यानंतर पडणाऱ्या पाण्याचे झाडाला काहीही करायचे नसते. ते ओढ्याने दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी नद्यांत जाते आणि तिथून खाडीत. उलट सतत ढग असल्याने पानांना ऊन कमी मिळते. तेव्हा २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटरचे वलयात काय होणार? काहीच नाही. तो पाऊस मुळांपाशी थांबलाच नाही. सागाचे वलय मुंबईच्या अतिवृष्टीची नोंद ठेवत नाही, आणि जुन्या सागावरून "असे प्रलय पूर्वीही होत होते" किंवा "होत नव्हते" असे कुणी सांगू लागले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कोकणातल्या सागाला कळतात त्या पावसाच्या कडा: मेअखेर-जूनमध्ये तो वेळेवर आला का, मध्ये किती ओढ दिली, ऑक्टोबरच्या सरींनी हंगाम लांबवला का. आधीच्या वर्षीच्या त्या उशिराच्या सरींतून साठवलेल्या अन्नावर पुढच्या जूनची पालवी फुटते, म्हणून एका वर्षाच्या वलयात मागच्या वर्षाचाही वाटा असतो. घाटापलीकडे आणि विदर्भात, जिथे पाऊस यापेक्षा बराच कमी, तिथे वलयाचे आणि ओलाव्याचे नाते जास्त सरळ असते. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या सागावर पुण्याच्या त्याच हवामानशास्त्र संस्थेने २००८ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यात नुसता पाऊस न घेता जमिनीतली ओल आणि दुष्काळाचा निर्देशांक यांच्याशी वलयांची तुलना केली. ही दिशा योग्य वाटते, कारण झाडाच्या मुळांना मिलिमीटर कळत नाहीत, ओल कळते.

आणखी एक भेसळ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बोरिवलीच्या उद्यानात सागाचे पान हातात घ्या. बरेचदा शिरांची नुसती जाळी उरलेली असते, मधला हिरवा गर अळीने खरवडून खाल्लेला. संपूर्ण टेकडी अशी तपकिरी दिसू लागते. पाने गेली की झाडाचे अन्न बंद, आणि त्या वर्षीचे वलय बारीक, पाऊस उत्तम झाला तरी. यावरही उपाय जुळवणीचाच. ही अळी सागावर पोसते. त्याच डोंगरावरच्या दुसऱ्या जातीच्या झाडांत ते वर्ष बारीक नसेल तर दोष अळीचा, पावसाचा नाही.

जाडीने भागत नाही तिथे लाकडाच्या रसायनाकडे वळतात. पाण्याचे सगळे रेणू सारख्या वजनाचे नसतात. काहींत ऑक्सिजनचा जड प्रकार असतो, काहींत हायड्रोजनचा. या प्रकारांना समस्थानिक म्हणतात. ढगातून पाऊस पडताना जड रेणू आधी गळतात. जितका जोरदार आणि दीर्घ पाऊस, तितके मागे उरलेले बाष्प हलके आणि पुढचा पाऊसही हलका. मुळे हे पाणी जसेच्या तसे वर घेतात, पान त्यातून साखर बनवते आणि साखरेचे सेल्युलोज वलयात बसते. म्हणजे वलयाच्या जाडीला जे कळले नाही, ते त्याच्या सेल्युलोजमध्ये उरलेले असू शकते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतले आर. रमेश आणि एस. के. भट्टाचार्य यांनी पंतांसोबत ठाण्याच्या सागातल्या हायड्रोजनचा असा अभ्यास केला, आणि १९८९ मध्ये तो 'नेचर' या नियतकालिकात आला. त्यातली एक पायरी मला फार आवडते. सेल्युलोजमधले काही हायड्रोजन अणू सैल बसलेले असतात आणि आजच्या हवेतल्या ओलाव्याशी सहज अदलाबदल करतात. ते तसेच मोजले तर शंभर वर्षांपूर्वीच्या पावसाऐवजी प्रयोगशाळेतली दमट हवाच मोजली जाईल. म्हणून आधी सेल्युलोजचे नायट्रेट बनवून ते सैल अणू हटवतात, आणि जे हलत नाहीत तेवढेच मोजतात.

रमेश यांच्या गटाने पुढे एकाच वलयाचे आतून बाहेर अनेक बारीक काप करून प्रत्येकातला ऑक्सिजन तपासला, म्हणजे एका पावसाळ्याच्या आतले चढउतारही दिसू लागले. या कामातून एक महत्त्वाची ताकीदही मिळाली. मध्य भारतातल्या सागात पाऊस वाढला की ऑक्सिजन हलका होतो, अपेक्षेप्रमाणे. दक्षिणेतल्या सागात मात्र नाते उलटे निघाले. तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, समस्थानिकांच्या दृष्टीने हलका पाऊसही त्याच वलयात मिसळतो. म्हणून एका प्रदेशाचे सूत्र दुसऱ्या प्रदेशाच्या झाडाला लावता येत नाही. ठाण्याचे सूत्र ठाण्यातच बसवावे लागते.

हे झाड आपल्याला मागे किती नेते? साष्टीत फार नाही. जळाऊ लाकूड, कोळसा, इमारती, रेल्वे यांसाठी इथले डोंगर पुन्हा पुन्हा तोडले गेले, आणि खरोखर जुना साग उरला नाही. केरळच्या जंगलात मात्र बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इतके जुने साग मिळाले, की १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी राहिली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातली बारीक वलये एल निनोच्या आणि कमी पावसाच्या वर्षांशी जुळतात. जावा बेटावर तर बेर्लाखे नावाच्या डच हवामानशास्त्रज्ञाने १९३१ मध्येच १५१४ ते १९२९ ची सागाची मालिका छापली होती. २०१० मध्येच आशियाभरातल्या ३२७ मालिका एकत्र करून १३०० सालापासूनचा मोसमी दुष्काळांचा नकाशासंग्रह तयार झाला. त्यात १८७६-७८ चा, आपल्याकडे लाखो माणसांचा बळी घेणारा दुष्काळ तर आहेच, शिवाय अठराव्या शतकातले, ज्यांना पर्जन्यमापकाची साक्ष नाही असे दीर्घ दुष्काळही आहेत.

याच्याही मागे जायचे तर वर्षे मोजणे सोडून द्यावे लागते आणि दुसरा प्रश्न विचारावा लागतो: इथे कोणती झाडे होती? १८७० च्या दशकाअखेरीला मुंबई बंदरात प्रिन्सेस डॉक खोदताना चिखलाखाली एक आख्खे जंगल निघाले. साडेतीनशेहून अधिक खोडे, पुष्कळशी मुळांसकट उभी, आणि लाकूड खैराचे. खैर खाऱ्या पाण्यात जगत नाही. म्हणजे जिथे भरतीचे पाणी चढते तिथे एके काळी कोरडी जमीन होती आणि तिच्यावर पानगळीचे रान. बोरिवलीच्या डोंगरात खैर आजही आहे. या बुडालेल्या रानावरून समुद्र आणि जमीन यांचे नाते बदलल्याचे ठाम सांगता येते, पावसाबद्दल मात्र फार तपशील मिळत नाही. खैराला पाऊस कमी-जास्त दोन्ही चालतो. अवशेष पाहताना ही मर्यादा कायम लक्षात ठेवावी लागते: प्रत्येक वनस्पती पावसाची एक व्याप्ती सांगते, एक आकडा नाही.

घाटावर इनामगावला, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी, डेक्कन कॉलेजने १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केले. तिथल्या राखेच्या मातीचे ढेकूळ पाण्यात सोडले की माती बसते आणि जळून कोळसा झालेले दाणे तरंगून वर येतात. ते गाळून, वाळवून, भिंगाखाली ओळखायचे. जळालेला दाणा कुजत नाही, म्हणून तीन हजार वर्षे टिकतो. पुरातत्त्वज्ञ म. के. धवलीकरांनी तिथल्या वसाहतीच्या शेवटच्या पर्वातली ढासळलेली शेती, रानातल्या अन्नावरचे वाढते अवलंबन आणि गरिबीची झोपडीवजा घरे यांवरून पर्जन्यमान घटल्याचे अनुमान काढले. ते वाचताना एक विचार मनात ठेवावा: पीक बदलायला पाऊस हे एक कारण असते, जमिनीचा कस आणि बाजार ही आणखी. म्हणून अशा अनुमानाला स्वतंत्र पुरावा लागतो.

असा पुरावा लोणारच्या तळ्यात शोधता येतो. बुलढाण्यातल्या या विवराच्या तळातून दहा मीटर लांबीचा गाळाचा स्तंभ काढला गेला. त्यात सुमारे अकरा हजार वर्षे साठलेली आहेत. जर्मनीतल्या पोट्सडॅमच्या शास्त्रज्ञांबरोबर या कामात पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था होती. कुलाबा आणि अलिबागच्या वेधशाळांतून १९७१ मध्ये स्वायत्त झालेली ही संस्था. म्हणजे ज्या घराण्याने मुंबईचा पाऊस मोजायला सुरुवात केली, त्याचाच वारस लोणारच्या गाळात पाऊस शोधत होता. गाळात पराग होते, आणि पानांवरचे मेणही होते. पानाच्या तुकतुकीत थरातले हे मेण पान कुजले तरी हजारो वर्षे टिकते. त्यातल्या कार्बनवरून भोवती झाडे जास्त होती की उन्हाळी गवत, हे कळते, आणि हायड्रोजनवरून त्या पानांनी प्यालेल्या पावसाबद्दल काही कळते. या स्तंभात दोन दीर्घ कोरडे काळ सापडले: एक आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. इनामगावचा शेवट या दोहोंच्या मधल्या काळात पडतो. तेव्हा धवलीकरांचे अनुमान लोणारने सिद्ध केले असे म्हणता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातून असाच आणखी एखादा गाळाचा स्तंभ मिळायला हवा.

उपनगरांपुरते बोलायचे तर एक साठा अजून जवळजवळ अस्पर्श आहे, आणि तो झपाट्याने संपतो आहे. गावठाणांतली जुनी घरे, चाळी, बंगले पुनर्विकासात पडतात तेव्हा त्यांतले सागाचे वासे, तुळया, दारांच्या चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात, रंधा मारून नव्या फर्निचरमध्ये लागतात. युरोपात आणि अमेरिकेत जिवंत झाडांच्या मालिका शेकडो वर्षे मागे नेल्या गेल्या त्या अशाच जुन्या इमारती लाकडाच्या आधारे: जिवंत झाडाची आतली वलये आणि जुन्या तुळईची बाहेरची वलये जुळली, की तुळई मालिकेला आणखी मागे नेते. मुंबईत यात एक गुंता आहे. इथला साग सगळा इथला नाही. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली जहाजे मलबारच्या सागाची होती; १८१७ ची ट्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. पुढे घरांसाठी ब्रह्मदेशचा साग आला. त्यामुळे एखाद्या तुळईची वलये ठाण्याच्या मालिकेशी जुळतात, केरळच्या, की ब्रह्मदेशच्या, हे आधी पाहावे लागेल. जिच्याशी जुळतील तिथला पाऊस ती सांगेल. चौकोनी तासलेल्या तुळईत बाहेरचे पांढुरके कच्चे लाकूड उरले नसेल तर झाड कोणत्या वर्षी तोडले हे कळत नाही, पण मधल्या वलयांचे सन तरी लागतात. यासाठी तुळईच्या टोकाचा दोन-तीन इंच जाडीचा आडवा काप पुरतो. तो कापताना घर कुठल्या गावठाणातले, कधी बांधलेले, तुळई कुठल्या खोलीवरची, एवढे पेन्सिलीने त्याच्यावर लिहून ठेवावे, आणि काप उन्हात न टाकता सावलीत वाळवावा, नाहीतर तो गाभ्यापासून तडकतो आणि नेमकी बारीक वलये तडीत जातात.